डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी

दृष्टिपटलातील ज्या पेशी प्रकाश टिपून त्याचे मज्जासंदेशांत रूपांतर करतात, त्यांना प्रकाशग्राही पेशी म्हणतात. माणसात त्या तीन प्रकारच्या आहेत : शलाका पेशी, शंकुपेशी आणि मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही गँग्लियन पेशी (दृष्टिपटलाचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशी). पहिल्या दोन प्रकारांमुळे आपल्याला दिसते. तिसरा प्रकार मुख्यतः भोवती उजेड किती आहे, एवढेच मेंदूला कळवत राहतो. डोळ्याला कॅमेऱ्याची उपमा देण्याची पद्धत आहे. या तिसऱ्या प्रकारापाशी ती अपुरी पडते, म्हणून येथे त्याला अधिक जागा दिली आहे.

एका डोळ्यात सुमारे १२ कोटी शलाका आणि ६० लाखांच्या आसपास शंकू असतात. शंकू भर उजेडात काम करतात. रंग आणि बारकावे त्यांच्यामुळे कळतात. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत त्यांची दाटी असते आणि तिथे शलाका नसतातच. रात्री एखाद्या अंधुक ताऱ्याकडे थेट पाहिले की तो नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा दिसू लागतो, तो यामुळेच. तिन्हीसांजेला लाल फूल काळवंडते, पण त्याच झाडाची पाने मात्र अजून उजळ दिसतात : शंकू मागे पडून शलाका पुढे आलेल्या असतात आणि शलाकांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर शंकू दहाएक मिनिटांत सरावतात. शलाकांना पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. मग मात्र त्यांची संवेदनक्षमता थक्क करणारी असते. १९७९ मध्ये बेलर, लॅम्ब आणि याउ यांनी भेकाच्या एकेका शलाकेवर मोजमाप करून दाखवले की ती एका फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या एका कणालाही प्रतिसाद देते.

हे घडते शलाकांतील रोडॉप्सिन या रंगद्रव्यामुळे. त्यातला रेटिनल हा घटक अ जीवनसत्त्वापासून बनतो (आहारात ते कमी पडले की रातांधळेपणा येतो, तो इथूनच). प्रकाश पडताच रेटिनलचा वाकलेला रेणू सरळ होतो, पुढच्या रासायनिक साखळीत पेशीच्या पटलावरील आयनमार्ग (विद्युतभारित कणांच्या वाटा) बंद होतात आणि तिचा ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा स्राव घटतो. म्हणजे ही पेशी अंधारात सतत स्रवत असते आणि उजेडाची वर्दी गप्प होऊन देते.

तिसऱ्या प्रकाराची चाहूल १९२०च्या दशकातच लागली होती. क्लाइड कीलर यांनी पाहिले की जन्मतः शलाका नसलेल्या आंधळ्या उंदरांच्या बाहुल्याही उजेडात आकुंचन पावतात. या निरीक्षणाकडे पुढे अनेक दशके फारसे कुणी लक्ष दिले नाही, याची हळहळ वाटते. १९९१ मध्ये रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दृष्टिपटल झिजलेल्या उंदरांचे जैविक घड्याळही (झोप-जागेचा रोजचा ताल) प्रकाशाने जुळते. १९९९ मध्ये शलाका व शंकू दोन्ही नसलेल्या उंदरांतही तेच आढळले. डोळे काढल्यावर मात्र परिणाम थांबत होता. मेलानॉप्सिनचा शोध आडवाटेने लागला. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना ते १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींत सापडले आणि दोन वर्षांनी सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलाच्या आतल्या थरात. अखेर २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या चमूने उंदराच्या गँग्लियन पेशींना शेजारच्या पेशींकडून येणारे संदेश औषधांनी रोखले. तरीही त्या प्रकाशाला प्रतिसाद देत राहिल्या.

या पेशी थोड्या आहेत; एकूण गँग्लियन पेशींत त्या शेकडा एक-दोनच भरतात. मेलानॉप्सिन सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते, हळू जागे होते आणि दिवा मालवल्यावरही काही काळ चालू राहते. क्षणिक लखलखाटाऐवजी उजेडाची सरासरी धरायला हा संथपणाच उपयोगी. या पेशींचे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील सुमारे २०,००० चेतापेशींच्या त्या जोडगाठीकडे जातात जिथे शरीराचे मुख्य घड्याळ आहे. तिथून झोपेची वेळ, शरीराचे तापमान आणि पिनियल ग्रंथीतून रात्री स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक यांचा ताल ठरतो. रात्री उशिरापर्यंतचा प्रखर उजेड मेलाटोनिन दाबतो व घड्याळ मागे ढकलतो; पहाटेचा उजेड ते पुढे आणतो. काही तंतू बाहुलीचे आकुंचन सांभाळणाऱ्या केंद्राकडे जातात. उंदरांत असाही मार्ग आढळला आहे की जो मुख्य घड्याळाला वळसा घालून मनःस्थितीवर परिणाम करतो. शलाका आणि शंकूही आपले संदेश या पेशींमार्फत घड्याळापर्यंत पोचवतात, त्यामुळे तिन्ही प्रकारांची कामे काटेकोर वेगळी नाहीत.

वैद्यकात याला मोठे महत्त्व आहे. पूर्णतः अंध असलेल्या बऱ्याच जणांचे घड्याळ २४ तासांशी जुळत नाही, त्यांची झोप रोज थोडी थोडी सरकत जाते आणि काही आठवडे ती दिवसा येते. पण सर्वच अंधांचे असे होत नाही. १९९५ मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी ११ अंध व्यक्तींवर प्रखर प्रकाश टाकला. तिघांचे मेलाटोनिन घटले आणि त्यांपैकी दोघांचे डोळे झाकून पाहिल्यावर ते घटले नाही. अशा डोळ्याला निकामी म्हणणे चूक आहे. अन्य कारणाने तो काढायची वेळ आली, तर रुग्णाची झोप आधी कशी आहे, हे विचारायलाच हवे. २००७ मध्ये शलाका आणि शंकूंचे कार्य उरले नसलेल्या ८७ वर्षांच्या एका स्त्रीला वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश दाखवून दिवा लागला आहे की नाही, असे विचारले गेले. निळ्या प्रकाशाच्या वेळी, सुमारे ४८० नॅनोमीटरला, तिची उत्तरे बरोबर आली.