दात दुखत नाहीये ना? मग आत्ताच या

आमच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, काल रात्रभर झोप नाही." गोळ्या घेऊन झालेल्या असतात, गाल सुजलेला असतो, आणि एक्सरे काढला की कळतं कीड पार दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलीये. मग रूट कॅनल, कॅप, चार फेऱ्या. आम्हाला वाईट याचंच वाटतं की हा त्रास बहुतेक वेळा टाळता आला असता, म्हणून हे पत्रक.

दात दुखत नाही म्हणजे चांगला आहे, हा हिशोबच चुकीचा आहे. कीड सुरू होते दाताच्या वरच्या कडक थरात, म्हणजे इनॅमलमध्ये, आणि इनॅमलला नसच नसते, मग दुखणार कसं? आम्ही दात हवेने सुकवून बघतो तेव्हा कधी कधी हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसतो. थुंकी लागली की तो गायब, आरशात तुम्हाला दिसणारही नाही. पण तीच कीडीची सुरुवात असते, आणि या टप्प्यावर ड्रिल लागत नाही, फ्लोराइड (दात मजबूत करणारं खनिज) आणि नीट ब्रशिंगने ती तिथेच थांबते, कधी कधी भरूनही येते. एकदा खड्डा पडला की मात्र दात स्वतःहून भरत नाही.

गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे आधी बघा. दातावर जमणाऱ्या चिकट थरातले जंतू साखरेचं ॲसिड करतात, तोंडाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सगळं परत जागेवर आणायला अर्धा ते एक तास लागतो. आता दर तासाला काहीतरी गोड तोंडात टाकलं तर लाळेने काम करायचं कधी? त्यामुळे गोड खायचंच असेल तर जेवणाबरोबर खाऊन मोकळे व्हा.

पेस्ट फ्लोराइडवाली घ्या. ३ वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ ला वाटाण्याएवढी, त्याहून जास्त नको. ब्रश झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरली तर फ्लोराइड सगळं धुऊन जातं. आणि रात्री झोपताना ब्रश चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते.

आईबाबांनो, हे नक्की वाचा. मूल ६ वर्षांच्या आसपास झालं की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही आणि सगळ्यांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल. ती कायमची असते! वरून खोल खाचा, मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचत नाही, आणि सगळ्यात आधी किडते ती बहुतेक हीच. तिच्या खाचांवर सीलंट नावाचं पातळ कोटिंग लावता येतं, इंजेक्शन नाही, दुखत नाही, काही मिनिटांचं काम. दाढ पूर्ण वर आली की लगेच आणा, किडल्यावर सीलंटचा तेवढा उपयोग राहत नाही.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून लोक तिथे ब्रशच लावत नाहीत, आणि त्यानेच ते वाढतं. क्लीनिंगने दात हलतात हे खरं नाही, दाताला धरून ठेवणारं हाड आधीच झिजलेलं असतं आणि दातांवर जमलेला दगडासारखा थर निघाल्यावर ते हलणं जाणवतं. डायबिटीस असेल तर हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्या, दोन्ही आजार एकमेकांना बिघडवतात.

आता थोडं सगळ्यांनी मिळून करायचं. एकेकाला खुर्चीत बसवून फिलिंग करून हा आजार संपत नाही. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली आणि नंतर जन्मलेल्या मुलांमध्ये कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली. (म्हणून कुठेही फ्लोराइड घाला असं नाही, काही ठिकाणी पाण्यात ते मुळातच जास्त असतं आणि त्याने दातांवर डाग पडतात, आधी पाणी तपासायचं.) जपानने १९८९ मध्ये ८०२० मोहीम काढली, ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात, एवढं साधं टार्गेट, म्हाताऱ्या माणसालाही लक्षात राहील असं.

आम्ही छोटे आहोत, शहराचं पाणी आमच्या हातात नाही. पण शाळा, पाळणाघर, वृद्धाश्रम, कारखाना, कुठेही बोलवा, आम्ही येतो, तोंड तपासतो, मुलांना ब्रश हातात देऊन शिकवतो. वृद्धाश्रमात तर सांभाळणाऱ्या ताईंनाच शिकवतो, कारण कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवायची हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

चेकअप दर सहा महिन्यांनीच हवं असं प्रत्येकाला नाही, कीड लवकर लागत असेल तर आधी, तोंड चांगलं असेल तर वर्षानेही चालतं, ते बघून आम्ही सांगू. येताना जुने एक्सरे असतील तर आणा आणि चालू गोळ्यांची यादी नक्की आणा, काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि मग कीड फार लवकर लागते.