अंतर मिटते तेव्हा रान संपते: शहरविस्ताराची पार्श्वभूमी

शहरे का पसरतात, या प्रश्नाला लोकसंख्यावाढीचे उत्तर दिले जाते आणि ते चुकीचे नाही. १८०४ च्या सुमारास १ अब्ज असलेली जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८ अब्जांवर गेली. १९५० मध्ये साधारण ३० टक्के माणसे शहरांत राहत होती, तर २००७ च्या आसपास हे प्रमाण निम्म्यावर आले. तथापि, माणसांच्या संख्येवरून जमिनीवर पडणारा ताण कळतो. नेमके कोणते रान आधी बुजणार, हे बहुतेक वेळा रस्ता, रूळ आणि नळ ठरवतात.

कामावर पायी जावे लागे तोपर्यंत तासाभराची चाल हीच शहराची व्यावहारिक हद्द होती. लंडनमध्ये १८२९ मध्ये घोड्यांची सार्वजनिक गाडी आणि १८६३ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाल्यावर ती हद्द झपाट्याने बाहेर सरकू लागली. ही भुयारी रेल्वे चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन कंपनीने पुढे वायव्येकडील शेतशिवारात मार्ग नेले, जादा जमीन स्वतःकडे ठेवली आणि १९१९ मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनी काढली. कुरणे आणि झाडी दाखवून तिने गिऱ्हाईक ओढले. म्हणजे जे विकायला काढले, तेच विक्रीमुळे नाहीसे झाले.

लॉस एंजेलिसमध्ये हेच काम पाण्याने केले. ओवेन्स खोऱ्याचे पाणी आणणारा कालवा १९१३ मध्ये पूर्ण झाला आणि त्या पाण्यासाठी १९१५ मध्ये सॅन फर्नांडो खोऱ्याचा मोठा भाग शहरात विलीन झाला, ज्यामुळे शहराचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक झाले. कोरडवाहू गव्हाच्या जागी आधी बागा बहरल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बागा तोडून घरे उभी राहिली. सुपीक जमीन आणि पाणी पाहूनच पूर्वी वस्त्या वसत, त्यामुळे विस्तारात बऱ्याचदा उत्तम शेतीच आधी जाते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

महायुद्धानंतर सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जे आणि मोटार यांनी वेग वाढवला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिटाउनची १७ हजारांहून अधिक घरे बांधली गेली, आणि १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत सुमारे ६६ हजार किलोमीटरच्या महामार्गजाळ्याला मंजुरी दिली. मार्गाची आखणी जाहीर होताच जमिनीचे भाव पिकाच्या उत्पन्नाशी फारकत घेतात, शेतकरी विकायच्या तयारीने राहतो आणि विहीर, बांध यांवरचा खर्च थांबवतो. घरे येण्याच्या कितीतरी आधी शेती अशी आतून सुटलेली असते.

प्रतिबंधाचे प्रयत्नही जुने आहेत. लंडनभोवतीच्या हरितपट्ट्याला १९३८ च्या कायद्याने सुरुवात झाली आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने बळ मिळाले; पट्टा बऱ्याच अंशी टिकला, पण वाढ त्यावरून उडी मारून पलीकडच्या गावांत गेली. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९७३ मध्ये प्रत्येक शहराला वाढीची सीमारेषा आखणे सक्तीचे केले. पोर्टलंडच्या रेषेचा आता दर सहा वर्षांनी आढावा घेतला जातो आणि पुढील वीस वर्षांच्या घरांना रेषेच्या आत जागा पुरणार नसेल, तर रेषा बाहेर सरकवण्याची तरतूद त्याच कायदेव्यवस्थेत आहे.