आधी सांगा, खेळलात कुणाशी?

७ डिसेंबर २०२५. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफसाठी बारा संघांची नावं त्या रविवारी जाहीर झाली आणि त्यात नोटर डेमचं नाव नव्हतं. या संघानं हंगामातले पहिले दोन सामने मिळून अवघ्या चार गुणांनी गमावले होते आणि त्यानंतर सलग दहा जिंकले होते. नोव्हेंबरभर निवड समितीच्या साप्ताहिक क्रमवारीत तो मायामीच्या वर होता. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कुणीच मैदानात उतरलं नाही, तरी अंतिम यादीत मायामी दहावा आणि नोटर डेम अकरावा ठरला. दोन्ही संघ १०-२, म्हणजे दहा विजय आणि दोन पराभव, असे बरोबरीत होते, आणि ऑगस्टअखेर झालेल्या आपसातल्या सामन्यात मायामीनं २७-२४ अशी बाजी मारली होती. समितीनं शेवटी त्या सामन्याकडे बोट दाखवलं. नोटर डेमनं पुढचा बाउल सामना, म्हणजे नियमित हंगामानंतरचा निमंत्रित संघांचा सामना, खेळायलाच नकार दिला.

बाहेरून पाहणाऱ्याला हा रुसवा वाटेल. पण यामागचा वाद नव्वद वर्षांहून जुना आहे आणि तो खेळाच्या रचनेतच रुतलेला आहे.

आयपीएलमध्ये संघ थोडे आणि सामने पुष्कळ असतात. गुणतक्ता पुरेसा बोलतो, अगदीच अडलं तर निव्वळ धावगती आहे. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात २०२५ मध्ये १३६ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात बाराच सामने. त्यातले आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे प्रादेशिक गटात. उरलेले तीन-चार कुणाशी खेळायचे हे विद्यापीठं आपापसांत करार करून ठरवतात, तेही कधी कधी आठ-दहा वर्षं आधी. त्यामुळे ओरेगनमधला अपराजित संघ आणि अलाबामातला एक सामना हरलेला संघ यांना एकाच तराजूत टाकायचं, तर दोघांमध्ये समान प्रतिस्पर्धी एकही नसण्याची शक्यता मोठी. मग प्रश्न उरतो तो एवढाच: तू जिंकलास खरा, पण कुणाविरुद्ध? ‘स्ट्रेंग्थ ऑफ शेड्यूल’, म्हणजे वेळापत्रकाचा कस, ही संकल्पना या प्रश्नातूनच आली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. महाविद्यालयीन खेळांची शिखर संस्था असलेली एनसीएए इतर खेळांत राष्ट्रीय विजेतेपद देते, पण फुटबॉलच्या या सर्वोच्च गटात तिनं ते स्वतः कधीच दिलेलं नाही. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, आणि तेव्हापासून ‘देशात पहिला कोण’ हे ठरवण्याची जागा रिकामीच राहिली. ती पत्रकारांनी, प्राध्यापकांनी, प्रशिक्षकांनी आणि पुढे संगणकांनी आपापल्या परीनं भरून काढली.

यातला प्राध्यापक मला सगळ्यात वेधक वाटतो. फ्रँक डिकिन्सन इलिनॉय विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे. १९२६ मध्ये त्यांनी एक गणिती पद्धत काढली. बलाढ्य संघाला हरवलं तर जास्त गुण, दुबळ्याला हरवलं तर कमी. आज जी गोष्ट निवड समितीच्या बैठकीत आकडेवारीचे गठ्ठे समोर ठेवून होते, तिचं बीज या साध्या हिशेबात आहे. नोटर डेमचे प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांनी डिकिन्सनना गाठून ही पद्धत मागच्या हंगामांनाही लावायला सुचवलं, आणि १९२४ चं विजेतेपद नोटर डेमच्या नावावर लागलं. सूत्र कितीही तटस्थ असलं, तरी ते कोणत्या वर्षापासून लावायचं हे माणूसच ठरवतो, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

१९३५ मध्ये असोसिएटेड प्रेसचे क्रीडा संपादक अ‍ॅलन गूल्ड यांनी स्वतःची क्रमवारी छापली आणि मिनेसोटा, प्रिन्स्टन व सदर्न मेथडिस्ट या तिघांना मिळून पहिला क्रमांक दिला. मिनेसोटातले लोक खवळले. पुढच्याच वर्षी गूल्डनी देशभरच्या क्रीडा पत्रकारांकडून दर आठवड्याला मतं मागवायला सुरुवात केली. १९३६ चा पहिला विजेता मिनेसोटाच ठरला. दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत वाचकांनी फुटबॉलबद्दल बोलत राहावं, हा यामागचा उद्देश होता आणि गूल्डनी तो लपवला नाही. १९५० मध्ये युनायटेड प्रेसनं प्रशिक्षकांची मतं घेऊन दुसरी क्रमवारी सुरू केली. म्हणजे एका देशात दोन विजेते निघण्याची सोय झाली.

या पत्रकारांच्या राज्यात सगळ्यात कडू हंगाम १९६६ चा. १९ नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकाचा नोटर डेम आणि दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट समोरासमोर आले. १०-१० अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला चेंडू नोटर डेमकडे होता. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी जिंकण्याचा धोका न पत्करता वेळ संपू दिली. मतदारांनी तरीही त्यांनाच पहिलं ठेवलं. आदल्या दोन वर्षांचा विजेता अलाबामा एकही सामना न हरता, एकही बरोबरी न करता तिसरा राहिला. असोसिएटेड प्रेसची अंतिम क्रमवारी त्या वर्षी बाउल सामन्यांच्या आधीच निघाली होती, त्यामुळे शुगर बाउलमध्ये अलाबामानं नेब्रास्काचा ३४-७ असा उडवलेला धुव्वा जमेसच धरला गेला नाही.

अलाबामाचे समर्थक आजही या हंगामाचा दाखला देतात. पण त्यात एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. अलाबामाच्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि त्याचे बहुतेक सामने दक्षिणेतल्या संघांशीच व्हायचे. मिशिगन स्टेटचा बुबा स्मिथ मूळचा टेक्सासचा. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांची दारं बंद असलेले असे गुणी खेळाडू तेव्हा उत्तरेकडे जात होते. आपल्याच भागातल्या आणि आपल्यासारख्याच संघांशी खेळून मिळवलेल्या निर्भेळ यशाची किंमत किती धरायची, हा प्रश्न काही मतदारांच्या मनात असणार, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. वेळापत्रकाचा कस हा तेव्हाही निव्वळ आकड्यांचा विषय नव्हता.

१९६८ पासून पत्रकारांची अंतिम क्रमवारी बाउल सामन्यांनंतर निघू लागली. प्रशिक्षकांच्या क्रमवारीला हे शहाणपण यायला १९७४ उजाडलं, कारण १९७३ मध्ये त्यांनी विजेता म्हणून जाहीर केलेला अलाबामा नंतर शुगर बाउलमध्ये नोटर डेमकडून २४-२३ असा हरला.

मग १९८४ मध्ये युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाची पाळी आली. १३-० अशी कामगिरी, देशातला एकमेव अपराजित मोठा संघ, दोन्ही क्रमवारींत पहिला. पण शेवटचा सामना झाला तो हॉलिडे बाउलमध्ये, सहा जिंकून पाच हरलेल्या मिशिगनशी. दुबळे संघ पाडून विजेते झाले, अशी टीका झाली. त्या हंगामातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. ब्रिगहॅम यंगनं पहिल्याच सामन्यात तिसऱ्या क्रमांकाच्या पिट्सबर्गला त्यांच्या घरी २०-१४ असं हरवलं होतं. त्या दिवशी तो केवढा मोठा विजय होता! पण पिट्सबर्ग पुढे ढेपाळला आणि हंगाम संपताना तीन विजय, सात पराभव आणि एक बरोबरी अशा ३-७-१ वर होता. विजय तोच, त्याचं वजन मात्र दुसऱ्यांच्या हातात. सप्टेंबरात मारलेल्या वाघाचं डिसेंबरात मांजर होतं, आणि मारणारा काहीच करू शकत नाही.

१९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षं दोन क्रमवारींनी दोन वेगळे विजेते दिले. त्यातून बाउल कोअॅलिशन, मग बाउल अलायन्स, आणि अखेर १९९८ मध्ये बाउल चॅम्पियनशिप सिरीज, म्हणजे बीसीएस आली. उद्देश एकच: पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांना एका मैदानात आणायचं. पण दुसरा कोण हे ठरवणार कसं? त्यासाठी दोन्ही क्रमवारी, संगणकांची गणितं, पराभवांची संख्या आणि वेळापत्रकाचा कस यांची बेरीज मांडली गेली. ज्याची बेरीज कमी तो वर.

कस मोजण्याची रीत अशी होती. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला दोन तृतीयांश वजन, त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना एक तृतीयांश. त्यावरून सगळ्या संघांची यादी लावायची आणि तुमचा क्रमांक २५ ने भागायचा. प्रत्येक पराभवाला एक गुण. म्हणजे वेळापत्रकाच्या यादीत २५ जागा खाली असणं हे एक सामना हरण्याइतकं महाग पडायचं. आपला सामना नसलेल्या दिवशीही चाहते टीव्हीसमोर ठाण मांडून बसू लागले, कारण सप्टेंबरात आपण हरवलेला संघ आज जिंकला तर आपलं गणित सुधारणार होतं.

या सूत्रानं लवकरच माणसांशी भांडण उकरलं. २००१ मध्ये नेब्रास्का नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात कोलोरॅडोकडून ६२-३६ असा झोडपला गेला, स्वतःच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही पोहोचला नाही, तरी बेरजेत दुसरा आला. पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांनी दुसरा ठरवलेला ओरेगन बाहेर राहिला. अंतिम सामन्यात मायामीनं नेब्रास्काला ३७-१४ असं लोळवलं. २००३ मध्ये तर दोन्ही क्रमवारींत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाच अंतिम सामन्यातून वगळला गेला. आत गेला तो कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा हरलेला ओक्लाहोमा. लुईझियाना स्टेटनं त्याला हरवलं, पत्रकारांनी सदर्न कॅलिफोर्नियाला विजेता केलं, आणि ज्या दुहेरी विजेतेपदाला संपवायला ही पद्धत आणली तेच पुन्हा घडलं.

२००४ पासून वेळापत्रकाचा वेगळा रकाना काढून टाकला. तो संगणकांच्या गणितात असतोच, असं कारण दिलं गेलं. त्याच वर्षी ऑबर्न १२-० असूनही बाहेर राहिला आणि हंगामाअखेर असोसिएटेड प्रेसनं आपली क्रमवारी बीसीएसला वापरू देण्याचं थांबवलं. छोट्या कॉन्फरन्सच्या संघांचं दुखणं तर निराळंच होतं. युटानं २००८ च्या हंगामात शुगर बाउलमध्ये अलाबामाला ३१-१७ नमवून हंगाम १३-० वर संपवला, तरी विजेतेपदाच्या सामन्याचं दार उघडलं नाही. बडे संघ त्यांच्याशी खेळायला फारसे राजी नसत, आणि बड्यांशी न खेळल्याचा ठपकाही त्यांच्यावरच येई. हे प्रकरण अमेरिकी सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेलं.

२०१४ पासून चार संघांचा प्लेऑफ आला आणि सूत्राच्या जागी तेरा माणसांची समिती बसली. पहिल्याच वर्षी टेक्सास ख्रिश्चननं शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि त्यानंतर तो तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर घसरला. विस्कॉन्सिनला ५९-० असं चिरडणारा ओहायो स्टेट चौथा म्हणून आत आला आणि विजेता झाला.

पण समितीच्या काळातली सगळ्यात मोठी जखम २०२३ ची. फ्लोरिडा स्टेट १३-०, कॉन्फरन्सचा विजेता. त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाला होता. अलाबामानं एक सामना गमावला होता, पण अव्वल जॉर्जियाला हरवलं होतं. समितीनं अलाबामाला चौथा आणि फ्लोरिडा स्टेटला पाचवा क्रमांक दिला. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणं विचारात घेण्याची तरतूद नियमांत होती, हे खरं. तरीही मला हा निर्णय आजही पटत नाही. ट्रॅव्हिसविना त्या संघानं उरलेले सामने जिंकून दाखवले होते. ‘सर्वांत बलवान कोण’ आणि ‘सर्वांत जास्त कमावलं कुणी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समितीनं पहिल्याचं अंदाजपंचे उत्तर देण्यासाठी दुसऱ्याचं पक्कं उत्तर बाजूला सारलं. नंतर ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियानं ६३-३ असा धुव्वा उडवला, म्हणून समिती बरोबर होती असं म्हणतात. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते.

२०२४ पासून बारा संघ झाले आणि भांडणाला मानांकनाचं नवं अंग फुटलं. पहिली चार मानांकनं फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना द्यायची आणि त्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल, असा नियम होता. त्यामुळे क्रमवारीत नववा असलेला बॉयझी स्टेट तिसरा मानांकित झाला आणि बाराव्या क्रमांकाचा अ‍ॅरिझोना स्टेट चौथा. पुढे चाल मिळालेले चारही संघ उपांत्यपूर्व फेरीत गारद झाले, आणि आठव्या मानांकनाचा ओहायो स्टेट विजेता ठरला. दुसऱ्या हंगामापासून हा नियम बदलून क्रमवारीनुसार थेट मानांकन सुरू झालं. वेळापत्रकाच्या मोजमापातही समितीनं बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सामन्यांचं वजन वाढवलं. दक्षिणपूर्वेच्या बलाढ्य कॉन्फरन्सनं २०२६ पासून आठऐवजी नऊ अंतर्गत सामने खेळायचं ठरवलं, तेही याच सुमारास.

२०२४ मध्ये सर्वांत जास्त बोल लागला होता इंडियानाला. ११-१ अशी कामगिरी, पण समोर कोण होतं, म्हणून हिणवलं गेलं. नोटर डेमनं पहिल्याच फेरीत हरवल्यावर टीकाकारांना बळ आलं. पुढच्या हंगामात इंडियानानं कॉन्फरन्सबाहेरचे सामने ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट यांच्याशीच खेळले. मग कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला, प्लेऑफमध्ये अलाबामाला आणि ओरेगनला हरवलं. १९ जानेवारी २०२६ रोजी अंतिम सामन्यात समोर होता नोटर डेमची जागा घेऊन आलेला मायामी. इंडियानानं तो सामना २७-२१ असा जिंकला आणि हंगाम १६-० वर संपवला.