पाच, दहा, चौदा वर्षांची अफसरी

भारतीय लष्करात अधिकाऱ्यांच्या नोकरीचे नियम सैल झाले ते बहुतेकदा युद्धाच्या नाहीतर कोर्टाच्या धक्क्याने. १९६२मध्ये चीनने दणका दिला आणि अधिकाऱ्यांचा तुटवडा उघडा पडला. मग इमर्जन्सी कमिशन, म्हणजे अधिकाऱ्यांची तातडीची, तात्पुरती भरती आली. त्यासाठी जानेवारी १९६३मध्ये पुणे आणि मद्रास इथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल सुरू झाली. पुण्याचं पुढच्याच वर्षी गुंडाळलं. मद्रासला १९६५पासून शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे अधिकारी घडू लागले. मुदत पाच वर्षांची: तरुण घ्यायचे, तरुण असतानाच मोकळे करायचे.

दुसरा धक्का कारगिलचा. सोळा हजार फुटांवरच्या लढाईत बटालियनचा सीओ (कमांडिंग ऑफिसर, म्हणजे प्रमुख) चाळिशी ओलांडलेला नको, हे पटलं आणि अजय विक्रम सिंह समिती नेमली गेली. तिच्या शिफारशी डिसेंबर २००४पासून लागू होऊ लागल्या. कॅप्टन २ वर्षांत, मेजर ६, लेफ्टनंट कर्नल १३ वर्षांत. पूर्वी मेजर व्हायलाच ११ वर्षं लागत! कर्नलची १,४८४ पदं वाढवली. परिणाम पलटणीत डोळ्यांना दिसतो. खांद्यावर अशोकस्तंभ आणि एक तारा असलेला लेफ्टनंट कर्नल एके काळी अख्खी बटालियन चालवायचा, आता त्याच्या हाती बटालियनची एक तुकडी, म्हणजे कंपनीही असते. कॉलरवर लाल पट्टी मिरवणारा कर्नल मात्र एकच.

याच समितीने आणखी एक गोष्ट सुचवली होती: कायम अधिकारी थोडे ठेवा आणि शॉर्ट सर्व्हिसवाले त्यांच्यापेक्षा जास्त, १ : १.१ या प्रमाणात. बढत्या मिळाल्या, हे तेवढं राहून गेलं. माझ्या मते गाडं अडलं ते इथे. २००६मध्ये शॉर्ट सर्व्हिसची मुदत दहा वर्षं आणि वाढवून मिळाली तर आणखी चार अशी केली खरी, पण अधिकाऱ्याला पेन्शन लागू होते २० वर्षांनी. म्हणजे चौदाव्या वर्षी, पस्तिशी-चाळिशीत, ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर. घरात मुलं शाळेत, गृहकर्ज डोक्यावर. पोरं कचरतात त्यात नवल काय?

स्त्रियांच्या बाबतीत तर दार अर्धवटच उघडलं होतं. डॉक्टर-नर्स सोडल्या तर १९९२पासून त्यांना प्रवेश मिळाला. शॉर्ट सर्व्हिसच्या पुरुष सहकाऱ्याला पुढे कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अफसरी, मागता येई. त्यांना मात्र २००८पर्यंत कुठेच नाही, आणि नंतरही फक्त कायदा व शिक्षण शाखांत. २००३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सुरू झालेली ती लढाई सर्वोच्च न्यायालयात संपायला १७ फेब्रुवारी २०२० उजाडलं.