उदगीरचा स्वार आणि त्याच्या खांद्यातला चुंबक

1760च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी औसा-उदगीरच्या पट्ट्यात निजामाच्या फौजेची कोंडी केली. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्या वेळी मराठ्यांच्या बाजूला होता. ही लढाई छोट्या प्रतिकृती सैनिकांच्या खेळात टेबलावर मांडायची तर अडचण येते ती सैन्याची. 28 मिलिमीटर मापाचा प्लॅस्टिकचा एक स्वार नीट रंगवण्यात अख्खी संध्याकाळ जाते, आणि हातात भाला चिकटवला की तो जन्माचा भालेकरी. पुढच्या डावात तलवार हवी असेल तर दुसरा स्वार रंगवा! त्यावर हौशी मंडळींचा तोडगा म्हणजे धडात एक चुंबक, सुट्या हातात दुसरा.

हे चुंबक म्हणजे मसुराच्या दाण्याहून लहान चकत्या, 3 मिलिमीटर व्यासाच्या आणि 1 मिलिमीटर जाडीच्या. एवढ्याशा तुकड्यात जोर येतो कुठून? शाळेतला जुना चुंबक लांब पट्टीचा किंवा नालेच्या आकाराचा असायचा, त्यामागे कारण होतं. चुंबकाचं स्वतःचंच क्षेत्र त्याच्या आत उलट्या दिशेने काम करतं आणि त्याला दुबळं करू पाहतं. चुंबक जितका चपटा, तितका हा विरोध जास्त. अल्निकोसारख्या जुन्या मिश्रधातूची पातळ चकती केली तर ती आपलं चुंबकत्व स्वतःच घालवून बसते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक घडवला. त्याच्या स्फटिकात चुंबकत्वाची दिशा एकाच अक्षाला घट्ट धरून राहते, सहजी वळत नाही. म्हणून चकती कितीही चपटी असली तरी टिकते.

प्लॅस्टिकचा हात एखाद-दीड ग्रॅमचा, आणि ही चकती शंभर ग्रॅमहून जास्त वजन पेलते. तरी हात गळून पडतो, आणि दोष चुंबकाला दिला जातो. बहुतेक वेळा गुन्हेगार असते ती फट. अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ती निम्म्यावर येऊ शकते. डिंकाचा उंचवटा आणि रंगाचे दोन-तीन थर मिळून तेवढी फट सहज होते. चकतीच्या तोंडावर रंग लावूच नये, हे माझं ठाम मत.

दुसरी गोष्ट, सरळ ओढायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी कमी जोरात चकती बाजूला घसरते. लांब भाल्याचा हात हळूहळू खाली झुकतो तो यामुळेच. उपाय सोपा आहे. धडातली चकती किंचित आत बसवायची आणि हातातली तेवढीच बाहेर ठेवायची, म्हणजे भोकाची कड तिला अडवते. भोक मात्र हातानेच फिरवायच्या ड्रिलने पाडावं, आधी 1 मिलिमीटरचं, मग मोठं. विजेच्या ड्रिलच्या घर्षणाने प्लॅस्टिक वितळतं.

ध्रुवांचा नियम सगळ्या सैन्याला एकच हवा. धडात उत्तर ध्रुव बाहेर, हातात दक्षिण, म्हणजे कुणाचाही हात कुणालाही बसतो. चिकटवण्याआधी मार्करने खूण करावी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा चुंबकाला त्रास नाही. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबकही 80 अंशांपर्यंत तग धरतो, परभणीचा मे त्याच्या खूप अलीकडे थांबतो. अडतं ते फेविक्विकचं. हा डिंक पृष्ठभागावरच्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे कोरड्या दुपारी तो रेंगाळतो. त्यात चकतीवरचा निकेलचा मुलामा गुळगुळीत. मागची बाजू पॉलिश पेपरने जराशी खरवडली की पकड येते. पण चकती कापायला किंवा कानशीने घासायला जाऊ नका, ती ठिसूळ असते आणि मुलामा गेला की पावसाळ्यात गंजते. लहान मुलांपासून तर लांबच ठेवा. दोन चकत्या गिळल्या गेल्या तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात, मधल्या भिंतीला भोक पडतं, आणि प्रकरण थेट ऑपरेशनवर जातं.

स्वाराच्या पायाखालीही एक चकती बसवली की सैन्य एसटीच्या धक्क्यांतही पत्र्याच्या डब्यात जागचं हलत नाही. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याचा मात्र भरवसा नाही. निकेल असलेल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा डबा उचलण्याआधी एक चकती लावून बघावी.