स्वयंचलित रंगमंच-दिवे : उभारणी आणि संचालन

स्वयंचलित रंगमंच-दिवे म्हणजे ज्यांची दिशा, तीव्रता, रंग, झोताची रुंदी आणि झोतातली आकृती दुरून, नियंत्रण-फलकावरून बदलता येते असे दिवे. व्यवहारात त्यांना ‘मूव्हिंग हेड’ म्हणतात. नाटक, नृत्य, संगीताचे कार्यक्रम, दूरचित्रवाणीचे चित्रीकरण आणि मोठे सोहळे अशा सर्व ठिकाणी ते वापरले जातात. प्रेक्षकाला या दिव्यांचे फिरणे आधी दिसते. प्रकाशयोजनाकाराच्या दृष्टीने मात्र त्यांची खरी ताकद अचूक पुनरावृत्तीत आहे. तालमीत झोत जिथे पडला तिथेच, त्याच रंगात आणि त्याच क्षणी तो प्रत्येक प्रयोगात पडला पाहिजे. दिवे टांगण्यापासून केबल ओढण्यापर्यंतच्या बहुतेक खबरदाऱ्या याच अपेक्षेपोटी घेतल्या जातात. उरलेल्या खबरदाऱ्या माणसांच्या जिवासाठी असतात, आणि त्यांत कोणतीही तडजोड नसते.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील डॅलस येथील शोको या कंपनीत १९८०च्या सुमारास रंग बदलणारा दिवा बनवण्याचे काम चालू होते. रंगासाठी मोटरी बसवायच्याच आहेत, तर आणखी दोन मोटरी लावून दिवा फिरवताही येईल, हा विचार तिथे पुढे आला आणि ‘व्हेरी-लाइट’ प्रणाली तयार झाली. जेनेसिस या ब्रिटिश बँडने तिच्यात पैसा गुंतवला आणि १९८१ साली बार्सिलोनातील कार्यक्रमात ती प्रथम वापरली. त्याआधी प्रत्येक रंगासाठी आणि प्रत्येक जागेसाठी वेगळा दिवा लागत असे. मोठ्या कार्यक्रमात शेकडो दिवे केवळ रंगांची सोय म्हणून टांगलेले असत. पुढे दिवा स्थिर ठेवून फक्त समोरचा आरसा फिरवणारे ‘स्कॅनर’ आले. ते चपळ होते, पण त्यांची फिरण्याची कक्षा मर्यादित होती. आज मूव्हिंग हेडने त्यांची जागा जवळजवळ पूर्णपणे घेतली आहे.

सुरुवातीला प्रत्येक उत्पादकाची नियंत्रणाची भाषा वेगळी होती. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट फॉर थिएटर टेक्नॉलॉजी या संस्थेने १९८६ साली डीएमएक्स ५१२ हे मानक तयार केले, आणि एका कंपनीचा फलक दुसऱ्या कंपनीचा दिवा चालवू लागला. या क्षेत्राच्या वाढीचे श्रेय दिव्यांइतकेच या मानकाला द्यावे लागेल.

रचना

दिव्याचे तीन भाग असतात : तळाची पेटी, तिच्यावर आडवा फिरणारा दुबेळका, म्हणजे दोन बाहूंचा आधार, आणि त्यात वरखाली झुकणारे डोके. आडव्या फिरण्याला पॅन आणि झुकण्याला टिल्ट म्हणतात. बहुतेक दिव्यांत पॅन ५४० अंशांचा आणि टिल्ट सुमारे २७० अंशांचा असतो. डोक्यात प्रकाशाचा स्रोत, रंगाच्या चकत्या, गोबो, प्रिझम, आयरिस, झोत मऊ करणारी फ्रॉस्टची काच आणि झूम-फोकसची भिंगे एकामागोमाग बसवलेली असतात. गोबो ही आकृती कोरलेली धातूची किंवा काचेची चकती. रंगासाठी डायक्रोइक काच वापरतात. नको असलेला प्रकाश ती शोषत नाही, परतवते, म्हणून प्रखर झोतासमोरही जळत नाही. सियान, मॅजेंटा आणि पिवळा अशा तीन काचा कमीअधिक सरकवून हवी ती छटा मिळवतात.

झोताच्या स्वभावानुसार स्पॉट किंवा प्रोफाइल, वॉश आणि बीम असे प्रकार पडतात. प्रोफाइलची कड रेखीव असते, वॉशची मऊ. बीमचा झोत हवेतच पाहायचा असतो. हवेत हेझचा पातळ धूर नसेल, तर तो दिसतच नाही.

मोटरी बहुधा स्टेपर, म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या, प्रकारच्या असतात. वीज आल्यावर त्यांना स्वतःची जागा ठाऊक नसते, म्हणून दिवा प्रत्येक हालचाल एकदा टोकापर्यंत करून, सेन्सरच्या खुणेवरून आपले शून्य शोधतो. यालाच रीसेट म्हणतात. पडद्याचा किंवा नेपथ्याचा धक्का लागून डोके सरकलेच, तर एन्कोडर हा डोक्याची जागा मोजणारा सेन्सर ते ओळखतो आणि दिवा डोके पूर्वीच्या जागी आणतो.

टांगणी

एका मूव्हिंग हेडचे वजन साधारण १५ ते ४० किलोग्रॅमच्या दरम्यान असते. ट्रसवर, म्हणजे दिवे टांगण्याच्या धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर, असे २० दिवे टांगले, की केबल सोडूनच अर्धा टन ओलांडण्याची तयारी ठेवावी लागते. त्यामुळे पहिले काम म्हणजे ट्रसच्या उत्पादकाने दिलेल्या भार-तक्त्याशी हिशेब जुळवणे. एकूण वजन तेच असले, तरी ते सगळ्या लांबीवर सारखे पसरले आहे की मधोमध एकवटले आहे, यावर मर्यादा बदलते. छताचे बिंदू आणि त्यांची क्षमता तपासणे हे प्रशिक्षित रिगरचे, म्हणजे टांगणीच्या तंत्रज्ञाचे, काम आहे. प्रकाशयोजनाकाराने ते अंदाजाने करू नये.

दिव्याच्या पेटीला ओमेगा ब्रॅकेट पाव वळणाच्या खिट्ट्यांनी बसते आणि ब्रॅकेटला क्लॅम्प. खिट्टी पूर्ण फिरून ‘टक्’ असा आवाज झाला पाहिजे. अर्धवट बसलेली खिट्टी खालून पाहताना बसल्यासारखीच दिसते, म्हणून हाताने ओढून पाहावे. क्लॅम्प ट्रसच्या मुख्य नळीवर घ्यावा, तिरप्या आधारांवर नाही. यानंतर सेफ्टी. ही पोलादी तारेची दोरी पेटीवरच्या ठरलेल्या छिद्रातून आणि ट्रसच्या मुख्य नळीभोवती घ्यायची. ढील शक्य तितकी कमी ठेवायची. क्लॅम्प निसटला तर दिवा जितका खाली येईल, तितका दोरीला बसणारा हिसका मोठा असतो. दिव्याच्या वजनासाठी मान्य नसलेली दोरी सेफ्टी म्हणून चालत नाही, आणि एकदा हिसका खाल्लेली दोरी पुन्हा वापरत नाहीत.

डोके वेगाने फिरून थांबते, तेव्हा तो झटका क्लॅम्पवर आणि ट्रसवरही येतो. क्लॅम्प सैल असेल, तर दिवा नळीभोवती किंचित वळतो, आणि आठ दिवसांनी झोत अभिनेत्याच्या चेहऱ्याऐवजी खांद्यावर पडू लागतो. फलकावर काहीच बदललेले नसते, म्हणून हा दोष शोधायला वेळ लागतो. हलक्या, झुलत्या ट्रसवर सगळे दिवे एकाच तालात फिरवले, तर ट्रसही डोलू लागतो. अशा वेळी फिरण्याचा वेग कमी करावा किंवा ट्रसला आडवे ताण द्यावेत.

सगळ्या दिव्यांचे तोंड, म्हणजे पेटीवरच्या डिस्प्लेची आणि बटणांची बाजू, एकाच दिशेला ठेवण्याचा नियम साधा आहे, पण पुढचे तासन्‌तास वाचवतो. तो पाळला की एकच आज्ञा सगळ्यांना एकाच बाजूला वळवते. वाहतुकीसाठी लावलेली पॅन-टिल्टची कुलुपे टांगताना उघडावीत. कुलूप लागलेले असताना वीज दिली, तर रीसेट अडकतो. दिवा पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंपासून आणि पडद्यांपासून किती अंतरावर हवा, ते पेटीवर लिहिलेले असते. डोके फिरणारे असल्यामुळे ते अंतर त्याच्या प्रत्येक संभाव्य स्थितीत मोजायचे.

वीज

या दिव्यांना डिमरमधून, म्हणजे वीज कमीजास्त करून दिवा मंद करणाऱ्या उपकरणातून, वीज देत नाहीत. आतल्या मोटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सला अखंड, पूर्ण व्होल्टेज लागते. मंदायन दिवा स्वतःच करतो. २३० व्होल्टच्या १६ अँपियर सर्किटवर हिशेबाने ३,६८० वॅट मिळतात, पण ते काठोकाठ भरायचे नसतात. शिवाय सुरू होताना प्रत्येक दिवा क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतो. सगळे एकदम चालू केले तर ब्रेकर पडतो, म्हणून सर्किटे एकामागोमाग चालू करतात.

थ्री-फेज पुरवठ्यात भार तिन्ही फेजवर वाटतात. या दिव्यांच्या वीज-संचांमुळे निर्माण होणारे तिसऱ्या पटीचे हार्मोनिक प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते. फेज समतोल असूनही न्यूट्रल तापू शकते ती यामुळे, आणि म्हणून न्यूट्रलची तार बारीक ठेवत नाहीत. जनरेटरवर काम असेल तर दिवे जोडण्याआधी व्होल्टेज, न्यूट्रल आणि अर्थिंग मीटरने तपासलेच पाहिजे.

सिग्नल

डीएमएक्सच्या एका ओळीवर ५१२ चॅनेल असतात. या संचाला युनिव्हर्स म्हणतात. प्रत्येक चॅनेलवर ० ते २५५ यांपैकी एक आकडा जातो. सगळे चॅनेल वापरात असतील, तर पूर्ण संच सेकंदाला सुमारे ४४ वेळा पाठवला जातो. दिव्याचा एकेक गुण एकेका चॅनेलवर असतो. २४ चॅनेल घेणारा पहिला दिवा १ या ॲड्रेसवर ठेवला, तर दुसरा २५ वर, तिसरा ४९ वर. अशा हिशेबाने एका युनिव्हर्समध्ये २१ दिवे मावतात.

पॅन आणि टिल्टला मात्र प्रत्येकी दोन चॅनेल का लागतात, हे एका उदाहरणाने कळते. ५४० अंशांचे २५६ भाग केले, तर एक पायरी दोन अंशांहून थोडी मोठी होते. २० मीटरवर झोत एका पायरीत सुमारे पाऊण मीटर उडी मारेल. दोन चॅनेल एकत्र केले की ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि तीच उडी सुमारे ३ मिलिमीटरवर येते. दिव्याचा मोड निवडताना चॅनेल वाचवण्यासाठी सूक्ष्म चॅनेल सोडून देणे ही काटकसर महागात पडते : संथ हालचाल झटक्याझटक्याने होते.

केबल फलकाकडून पहिल्या दिव्यात, तिथून दुसऱ्यात, अशी साखळीने जाते. मानकानुसार जोडणी पाच पिनांची आहे. तीन पिनांची जोडणीही अनेक दिव्यांवर असते. ‘वाय’ आकाराच्या (Y) जोडणीला मात्र मनाई आहे : एका केबलच्या दोन फांद्या करायच्या असतील, तर स्प्लिटर, म्हणजे सिग्नल वाटणारे उपकरण, लावायचा. एका ओळीवर ३२ पेक्षा जास्त दिवे जोडू नयेत. शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर लावतात. तो नसेल तर सिग्नल टोकावरून परावर्तित होऊन मूळ सिग्नलमध्ये मिसळतो आणि दिवे मधूनच थरथरतात, रंग चमकून जातात. मायक्रोफोनची केबल तशीच दिसते आणि कमी अंतरावर चालतेही. खरी अडचण इथेच आहे. दुपारच्या चाचणीत सगळे ठीक असते आणि रात्री दिवे बिचकू लागतात. डीएमएक्समध्ये चूक ओळखण्याची सोय नाही, म्हणून आतषबाजी किंवा हलते नेपथ्य यांसारख्या धोकादायक यंत्रणा त्यावर चालवत नाहीत.

मोठ्या कामांत अनेक युनिव्हर्स आर्ट-नेट किंवा एसएसीएन या पद्धतींनी नेटवर्कच्या केबलवरून नेतात. आरडीएम या पूरक मानकामुळे दिवा उलट उत्तरही देतो. ट्रस वर गेल्यावर चुकलेला ॲड्रेस शिडी न लावता बदलता येतो, दिव्याचे तापमान वाचता येते.

संचालन

फलकावर पहिले काम पॅचचे : कोणता दिवा, कोणत्या मोडमध्ये, कोणत्या ॲड्रेसवर. फलकातली नोंद आणि दिव्यावरचा मोड यांत एका चॅनेलचाही फरक असला, तर रंग मागितल्यावर गोबो फिरतो. पुढे दिव्यांचे गट करतात आणि जागा, रंग, आकृती यांचे प्रीसेट नोंदवतात. कार्यक्रमाची बांधणी या प्रीसेटवर उभी राहते. ‘गायिका मध्यभागी’ हा जागेचा प्रीसेट चाळीस क्यूंमध्ये, म्हणजे क्रमाने नोंदवलेल्या प्रकाश-बदलांमध्ये, वापरलेला असेल आणि नव्या सभागृहात रंगमंच दीड मीटर मागे असेल, तर तो एकच प्रीसेट दुरुस्त केला की चाळीसही क्यू सुधारतात. आकडे थेट क्यूमध्ये भरलेले असतील, तर तालमीचा सगळा वेळ त्यातच जातो.

क्यू लिहिताना नवशिक्याच्या हातून सर्वांत जास्त सुटणारी गोष्ट म्हणजे अंधारातली हालचाल. दिवा विझलेल्या अवस्थेतून पेटत असेल, तर त्याने आधीच्या क्यूमध्येच आपली जागा, रंग आणि गोबो धरून ठेवले पाहिजेत. नाहीतर करुण प्रसंगाच्या सुरुवातीला तो पेटता-पेटताच भिंतीवरून घसरत येतो आणि प्रेक्षकाचे लक्ष कलाकारावरून उडते. बहुतेक फलकांत याची स्वयंचलित सोय आहे, पण क्यूंमध्ये पुरेसा अंधार ठेवलेला नसेल, तर ती सोय काही करू शकत नाही. नाटकात हालचाल दिसू न देणे हेच कसब आहे. संगीताच्या कार्यक्रमात हालचाल दाखवायची असते, तरीही प्रत्येक ओळीला सगळे दिवे फिरवले की काही वेळाने ते फिरणे दिसेनासे होते. एखादे संपूर्ण कडवे स्थिर ठेवून मग हललेला एकच झोत जास्त परिणाम करतो.

वेगवान लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे प्रकाश-संवेदनशील अपस्मार असलेल्या व्यक्तीला झटका येऊ शकतो. त्यामुळे स्ट्रोबचा वापर मोजका ठेवतात आणि प्रेक्षकांना आधी सूचना देतात. चित्रीकरण असेल तर एलईडी दिव्यांची वारंवारता कॅमेऱ्याशी जुळते का, हे कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर पाहूनच ठरवावे. डोळ्यांना न दिसणारे पट्टे कॅमेऱ्याला दिसतात.

देखभाल

डिस्चार्ज दिवा, म्हणजे बल्बमधल्या वायूतून वीज जाऊन उजळणारा दिवा, विजेने पूर्ण मंदावता येत नाही, म्हणून झोतासमोर यांत्रिक झडप असते. असा दिवा विझवला की गार होईपर्यंत बहुधा पुन्हा पेटत नाही; कार्यक्रमाच्या बराच आधी तो पेटवून ठेवतात आणि शेवटी पंखे चालू ठेवून थंड करतात. बल्ब बदलताना वीज तोडून पुरेसा वेळ थांबावे, डोळ्यांना आणि हातांना संरक्षण असावे, काचेला बोट लागू देऊ नये. एलईडी दिव्यांना ही कटकट नाही, पण पंख्याचा आवाज शांत नाट्यगृहात ऐकू येतो.

हेझचे कण आणि धूळ भिंगांवर बसून प्रकाश हळूहळू घटवतात. पंखे आणि जाळ्या तुंबल्या की दिवा तापून स्वतःची तीव्रता कमी करतो. ठरावीक काळाने डोके उघडून सफाई करणे, मोटरींच्या पट्ट्यांचा ताण पाहणे आणि सेफ्टीच्या दोऱ्या तपासणे हे वेळापत्रकात असलेच पाहिजे. उघड्या मैदानावर दिवसा दिव्यांची भिंगे सूर्याकडे रोखलेली राहू देऊ नयेत. भिंगातून उलट आत शिरलेले ऊन एका बिंदूवर एकवटून आतले भाग वितळवते, दिवा बंद असला तरीही. म्हणून तालीम संपल्यावर डोकी खाली वळवून मगच वीज काढतात, किंवा त्यांच्यावर आच्छादन घालतात.