पबच्या काउंटरवरचा फुकट अंक : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या बऱ्याच पबमध्ये काउंटरच्या कडेला ए5 आकाराच्या रंगीत अंकांचा गठ्ठा ठेवलेला असतो. अंक फुकट मिळतो. त्यात लिहिणारे, पानं लावणारे, जाहिराती मिळवणारे आणि पिशवीत गठ्ठे घालून एकेका पबमध्ये पोचवणारे, सगळेच बिनपगारी. हे अंक ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ (कॅम्रा) या ग्राहक चळवळीच्या स्थानिक शाखा काढतात. आयर्लंडला सुटीवर गेलेल्या चार इंग्रजांनी 1971 मध्ये ही चळवळ उभी केली. सहा बड्या कंपन्यांनी बाजार ताब्यात घेतला होता. पिंपातच मुरत राहणाऱ्या जिवंत बिअरची जागा गाळलेली, तापवून स्थिर केलेली आणि गॅसच्या दाबाने ग्लासात येणारी केग बिअर घेत होती. 1972 मध्ये चळवळीचं वृत्तपत्र निघालं आणि त्याच दशकात शाखांची टंकलिखित पत्रकंही सुरू झाली.

या पत्रकांना खरा मजकूर पुरवला तो 1989 च्या सरकारी आदेशांनी. ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या, मालकीच्या पबमध्ये त्याच ब्रुअरीचा माल विकायचा, ही तिथली जुनी रीत. ज्यांच्याकडे 2,000 पेक्षा जास्त पब होते, त्यांनी त्यावरच्या पबपैकी निम्मे या बंधनातून मोकळे करावेत, आणि बड्या कंपन्यांच्या भाडेकरू पबचालकांना बाहेरची एक पिंपातली बिअर ठेवू द्यावी, असं ठरलं. हेतू चांगला होता. पण कंपन्यांनी पबच विकून टाकले आणि ते घेतले स्वतः बिअर न बनवणाऱ्या नव्या कंपन्यांनी. आदेश ब्रुअरींना लागू होता, त्यामुळे या नव्या मालकांना तो शिवलाही नाही. कुठला पब कोणाकडे गेला, कुठे पाटी बदलली, कुठे फळ्या ठोकून पब बंद झाला, हे मोठी दैनिकं छापत नव्हती. शाखांचे अंक छापत होते. पुढे 2002 मध्ये वर्षाला 5,000 हेक्टोलिटरपर्यंत (म्हणजे 5 लाख लिटरपर्यंत) बिअर बनवणाऱ्यांचं उत्पादन शुल्क निम्म्यावर आलं, छोट्या ब्रुअरी भराभर निघाल्या आणि अंकांतलं ‘ब्रुअरी वार्ता’ सदर फुगत गेलं. एकेका ब्रुअरीशी संपर्क ठेवायला शाखा एकेक स्वयंसेवक नेमते. त्या सदराची माहिती येते ती त्याच्याकडून.

सगळ्यात जास्त शाई मात्र तळघरातल्या एका छोट्या झडपेवर सांडली. पबमध्ये येणारं नेहमीचं पिंप 9 गॅलनचं, म्हणजे 72 पाइंटचं. बिअर काढली की तेवढी हवा आत शिरते, आणि तीनेक दिवसांत चव उतरायला लागते. शहरातल्या गजबजलेल्या पबला याची फिकीर नाही. खेड्यात मंगळवारी रात्री चार गिऱ्हाइकं येणाऱ्या पबचं काय? तिथे हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आत सोडणारी झडप बसवतात. दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो, त्यामुळे बिअर फसफसत नाही, फक्त जास्त दिवस टिकते. पण बाहेरचा गॅस नको, हे चळवळीचं मूळ तत्त्व. त्यामुळे ही झडप वापरणाऱ्या पबला चळवळीच्या देशव्यापी वार्षिक मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षं जागा नव्हती. ग्लास समोर आल्यावर ही झडप आहे की नाही हे कळायची सोय नाही. ते पबचालकालाच विचारावं लागतं. त्यामुळे प्रामाणिकपणे सांगणारा बाहेर राहायचा आणि गप्प बसणारा आत यायचा. माझ्या मते हा नियम फार लांबला. तत्त्व सांभाळताना ज्यांच्याकडून जिवंत बिअर टिकायची, त्याच छोट्या पबना त्याने केगकडे ढकललं.

अखेर एप्रिल 2018 मध्ये कॉव्हेंट्रीच्या वार्षिक सभेत झडपेबद्दल तटस्थ राहायचं ठरलं. त्याच सभेत आणखी गुंतागुंत झाली. सर्व प्रकारच्या बिअरविषयी माहिती आणि शिक्षण देण्याचा ठराव मंजूर झाला, पण सर्वच पबप्रेमी आणि बिअर पिणाऱ्यांचा आवाज बनण्याच्या ठरावाला 72 टक्के मतं पडली. हवी होती 75. म्हणजे संपादकाने सगळ्या बिअरबद्दल लिहायला हरकत नाही, पण सगळ्यांच्या वतीने बोलायचं नाही. नुसती केग बिअर ठेवणाऱ्या, पण उत्तम चाललेल्या नव्या बारला अंकात किती जागा द्यायची, याचा निवाडा अशा मधल्या रेषेवर बसून करावा लागतो.

फुकट अंकाचा छपाईखर्च निघतो पब आणि ब्रुअरींच्या जाहिरातींवर. ज्याची जाहिरात घेतली त्याच्या आंबूस बिअरबद्दल काय लिहायचं, हा पेच म्हणूनच जुना आहे. बरेच अंक वाईट अनुभव छापतच नाहीत, चांगल्या पबची नावं तेवढी देतात. मला हे पटत नाही. वाचक पैसे मोजत नसला तरी विश्वास ठेवतोच. आपल्याकडे तर हा पायाच नाही. महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) दारूबंदी कायदा, 1949 च्या कलम 24 नुसार मद्याची विक्री वा वापर सुचवणारी जाहिरात छापता येत नाही. मद्याची प्रशंसा छापण्यावरची बंदी मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. म्हणजे महाराष्ट्रात बिअरवर कौतुकाचा लेख छापता येईल, पण त्या छपाईचे पैसे बिअरच्या जाहिरातीतून उभे करता येणार नाहीत.

20 मार्च 2020 ला ब्रिटनमधले पब बंद झाले आणि अंकांचं वितरण, जाहिरात आणि बातमी तिन्ही एकदम थांबलं. अनेक शाखांनी पीडीएफवर भागवलं, काही पुन्हा छपाईकडे वळल्याच नाहीत. ज्या वळल्या त्यांच्यापुढे कागदाचे चढे भाव आहेत, आणि जाहिरात देणारे पबही विजेच्या बिलाने पिचलेले आहेत. ऑगस्ट 2023 पासून 20 लिटर किंवा त्याहून मोठ्या भांड्यातून ओतल्या जाणाऱ्या बिअरला शुल्कात सवलत मिळू लागली. ती सवलत पिंप आणि केग दोघांनाही सारखीच आहे.